नैरोबीतल्या पोरांनी आधी विधेयक वाचलं, मग रस्ता धरला

शामली_पार्कलँड्स

गेली बारा वर्षं मी नैरोबीत राहते. इथल्या मराठी घरांचं जग लहान आहे. गणपती, दिवाळी, शनिवारचा मुलांचा मराठी वर्ग आणि गडबड असली की एकमेकांना "आज टाउनात जाऊ नकोस" म्हणून फोन. टाउन म्हणजे शहराचा मध्य, जिथे संसद आहे. २५ जून २०२४ला असे चार फोन मला सकाळी सातच्या आत आले.

त्या दिवसाबद्दल लिहायचं फार दिवस मनात होतं. "केनियात जमावानं संसद पेटवली" एवढी बातमी तिकडे बहुतेकांनी वाचली असेल. आग लागली हे खरंच आहे. पण तिच्याआधीचा महिना-दीड महिना मी जवळून पाहिला आणि मला तोच जास्त महत्त्वाचा वाटतो.

मे महिन्यात सरकारनं वित्त विधेयक आणलं. त्यातून जादा ३४६ अब्ज शिलिंग उभे करायचे होते. पावावर १६ टक्के मूल्यवर्धित कर, खाद्यतेलावर २५ टक्के अबकारी कर, गाडीच्या किमतीवर दर वर्षी अडीच टक्के आणि पर्यावरण अधिभार नावाचा एक नवा कर, ज्यात बाळांचे डायपर आणि सॅनिटरी पॅडही येत होते. देशावर कर्जाचा डोंगर आहे, आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचा तगादा आहे आणि सरकारच्या हातात येणाऱ्या पैशाचा मोठा वाटा नुसत्या व्याजात जातो. हे इथली मुलं नाकारत नव्हती. कर्जाचे पैसे गेले कुठे ते आधी सांगा, मग आमच्या पावाला हात लावा, असं त्यांचं म्हणणं होतं.

आमच्या ऑफिसात हिशेब विभागात एक मुलगी आहे, तेव्हा तेवीस वर्षांची. तिनं अख्खं विधेयक फोनवर उतरवून घेतलं होतं. जेवणाच्या सुट्टीत ती फाटकासमोरच्या मामा म्बोगाकडे जाऊन बसायची. मामा म्बोगा म्हणजे भाजीवाली. नैरोबीच्या दर कोपऱ्यावर एक असतेच. आमची ही बाई सकाळी मांदाझी, म्हणजे पिठाचे गोडसर वडे, तळून विकते आणि दुपारी उलट्या क्रेटवर बसून सुकुमा विकी या पालेभाजीची जाड पानं बारीक चिरून पिशव्यांत भरते. ती चिरत असायची आणि मुलगी वाचायची. आधी इंग्रजी कलम, मग त्याचं स्वाहिली, अडलं की किकुयू. एकदा मी टोमॅटो घ्यायला गेले होते, तेव्हा तेलाचं कलम चाललं होतं. पंचवीस टक्के ऐकल्यावर बाईनं सुरी बाजूला ठेवली, उधारीची वही काढली आणि मागच्या पानावर हिशेब मांडला. एका लिटरात मांदाझी किती निघतात, तेल एवढं महागलं तर एक केवढ्याला विकायची, आणि तेवढ्याला घेणार कोण. शेवटचा आकडा काढून तिनं त्याभोवती दोन वेळा गोल केला. काही बोलली नाही. मुलगी पुढच्या कलमाकडे वळली.

असं घरोघरी चाललं होतं. टिकटॉकवर मुलं लुओत, किकुयूत, कालेंजिनमध्ये कलमं समजावून सांगत होती, खुणांच्या भाषेतसुद्धा. विधेयकातलं काहीही विचारा आणि उत्तर घ्या, असं एक साधन इथल्या संगणकवाल्यांनी उभं करून सगळ्यांना फुकट दिलं. खासदारांचे फोन नंबर वाटले गेले आणि लोकांनी त्यांना हजारोंनी संदेश पाठवले. त्याला इथे "सालिमिया" म्हणत होते, म्हणजे रामराम घालणं.

आणखी एक गोष्ट, जी भारतातून चटकन लक्षात येणार नाही. केनियाचं राजकारण जमातींच्या हिशेबावर चालत आलंय. २००७च्या निवडणुकीनंतर त्यातून अकराशेहून जास्त माणसं मेली, सहा लाखांच्या वर बेघर झाली. त्या वेळी शाळेतही न गेलेल्या या मुलांनी घोषणा दिली: जमात नाही, नेता नाही, पक्ष नाही. ती ऐकून इथल्या वयस्कर माणसांचे डोळे भरून आलेले मी पाहिलेत.

१८ जूनला पहिला मोर्चा निघाला आणि त्याच दिवशी सरकारनं पावावरचा आणि गाडीवरचा कर मागे घेतला. पोरं थांबली नाहीत. बाकीची कलमं त्यांनी वाचलेली होती ना. २०ला पुन्हा मोर्चा, त्यात गोळी लागून एक तरुण गेला. मग २५ तारीख.

आदल्या दिवशी ती मुलगी माझ्या टेबलाशी आली. "तुमचा नंबर हातावर लिहू का? आई गावाकडे आहे, तिला एकदम फोन गेला तर ती कोसळेल." मी हो म्हटलं. तिनं तिथेच मार्करनं मनगटापासून कोपरापर्यंत माझा नंबर लिहिला, एकेक आकडा मोठा, आणि वर पारदर्शक टेप चिकटवली, घामानं पुसू नये म्हणून. त्या रात्री मला झोप आली नाही.

दुसऱ्या दिवशी ४७पैकी ३५च्या आसपास काउंट्यांत, म्हणजे इथल्या जिल्ह्यांत, लोक रस्त्यावर होते. दुपारी संसदेनं विधेयक १९५ विरुद्ध १०६ मतांनी मंजूर केलं. थोड्याच वेळात जमाव कुंपण ओलांडून आत घुसला, एका भागाला आग लागली आणि पोलिसांनी खऱ्या गोळ्या झाडल्या. माझा फोन संध्याकाळी सातला वाजला, अनोळखी नंबर. तो उचलताना माझा हात कसा होता हे मी सांगू शकत नाही. तीच होती. एक बूट हरवला होता, एका दुकानदारानं रबरी चपला दिल्या होत्या, आणि ती चालत घरी निघाली होती.

राष्ट्राध्यक्ष रुटो यांनी २६ला सही करायला नकार दिला. विधेयक गेलं. १ जुलैपर्यंत ३९ जण गेल्याची नोंद इथल्या राष्ट्रीय मानवी हक्क आयोगानं केली.

आफ्रिकेत इतरत्र राहिलेल्या, काम केलेल्या कुणी अशा चळवळी जवळून पाहिल्या असतील तर इथे जरूर लिहा. आपल्याकडे यावर फार कमी लिहिलं जातं.

---

मृण्मयी_ठाणे

टेप चिकटवली, तिथे मी थांबले. माझी लेक बावीसची आहे. अजून लिही गं, सविस्तर लिही.

---

अभय_सातारा

लेख आवडला, पण दोन गोष्टी खटकतात आणि त्या मनापासून विचारतोय. एक, निवडून आलेल्या संसदेत घुसणं, आग लावणं याचं समर्थन कसं करणार? उद्या दुसऱ्या बाजूचा जमाव हेच करेल. दोन, नेता नाही हे कौतुकानं सांगितलं जातं, पण मग सरकारशी बोलणार कोण? बोलणीच झाली नाहीत तर कमावलेलं टिकवणार कसं? मी स्वतः सहकारी चळवळीत तीस वर्षं काढली आहेत. संघटना बांधली नाही तर मोर्चाची धूळ बसते आणि कारखाना त्याच माणसांच्या हातात राहतो, हा अनुभव आहे.

---

शामली_पार्कलँड्स

अभयकाका, आगीचं समर्थन मी करत नाही, आणि ती मुलगीही करत नाही. ती म्हणते, आम्ही पाण्याच्या बाटल्या आणि झेंडे घेऊन आलो होतो, आग आमची नव्हती. पण गोळ्या आगीच्या पाच दिवस आधीपासून चालू होत्या, हेही बरोबरीनं सांगायला हवं.

तुमचा दुसरा प्रश्न मलाही छळतो. ११ जुलैला रुटोंनी जवळजवळ अख्खं मंत्रिमंडळ काढलं. मुलांना वाटलं जिंकलो. दोन आठवड्यांत प्रमुख विरोधी पक्षातलीच माणसं मंत्री म्हणून आत आली, अर्थखातंसुद्धा त्यांच्याकडे गेलं. डिसेंबरात दुसरा कर कायदा झाला आणि टाकून दिलेल्यातल्या काही गोष्टी त्यातून परत आल्या. त्या वेळी बोलायला बसेल असं मुलांचं कुणीच नव्हतं. नेता नेमला की तो विकत घेतला जातो किंवा उचलला जातो, म्हणून आम्ही नेमत नाही, हे त्यांचं उत्तर आहे. उचलून नेण्याबद्दल ते खोटं बोलत नव्हते. जून ते डिसेंबर २०२४ मध्ये ८२ जणांना असं गायब केल्याची नोंद मानवी हक्क आयोगाकडे आहे. वर्ष संपताना त्यातल्या २९ जणांचा पत्ता नव्हता.

---

वकील_विदर्भ

मी कायद्याची बाजू मांडतो. केनियाची २०१०ची राज्यघटना मी अभ्यासासाठी वाचली आहे. सार्वमतानं आलेली घटना आहे ती. पहिल्याच कलमात सगळी सार्वभौम सत्ता जनतेची असं म्हटलंय. ३७वं कलम म्हणतं की प्रत्येकाला शांततेनं आणि शस्त्राविना जमण्याचा, निदर्शनं करण्याचा, धरणं धरण्याचा आणि सरकारी यंत्रणेला निवेदन देण्याचा हक्क आहे. आपल्या १९व्या कलमात शांततेनं, शस्त्राविना जमण्याचा हक्क आहे, पण निदर्शन हा शब्द तिथे नाही, तो न्यायालयांनी अर्थ लावून आत आणला. केनियात तो कलमातच छापलेला आहे, त्यामुळे वीस वर्षांचा मुलगा पोलिसासमोर फोन धरून ते कलम वाचून दाखवू शकतो. कायदे करताना लोकांना सहभागी करून घ्यायलाच हवं, असंही ती घटना सांगते. याच मुद्द्यावर अपील न्यायालयानं ३१ जुलै २०२४ला आदल्या वर्षीचा वित्त कायदा रद्द ठरवला होता. ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयानं तो निकाल फिरवला, पण निदान तिथे वाद तरी झाला.

त्या दिवसांत तिथल्या वकील संघटनेनं मोठं काम केलं. अध्यक्षा फेथ ओडियांबो आणि त्यांचे सहकारी पोलीस ठाण्यांवर जाऊन पकडलेल्या मुलांना फी न घेता सोडवून आणत होते. वकिली करतो म्हणून सांगतो, रात्री ठाण्याच्या बाकावर बसून "माझा अशील कुठे आहे" हा एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारत राहणं ही सोपी गोष्ट नाही.

---

शामली_पार्कलँड्स

अगदी बरोबर. आणि जखमींच्या दवाखान्याचं बिल? एका तरुण पत्रकार मुलीनं ऑनलाइन वर्गणी सुरू केली. पन्नास शिलिंग, शंभर शिलिंग, एम-पेसावरून, म्हणजे फोनवरून पैसे पाठवायच्या सोयीतून, लोक पाठवत राहिले. तीन कोटी शिलिंगांच्या आसपास जमले. आमच्या इमारतीच्या असकारीनं, म्हणजे राखणदारानं, वीस शिलिंग पाठवले. त्यानं मला फोनवरचा संदेश दाखवला, पावती दाखवावी तसा.

---

गोंयकार_म्हापसा

शामलीबाय, तुम्ही पार्कलँड्सला राहता म्हणून मुद्दाम लिहितो. तुमच्या शेजारच्या वेस्टलँड्समध्ये २४ फेब्रुवारी १९६५ला पियो गामा पिंतो यांना त्यांच्या घराच्या फाटकापाशी, गाडीत, गोळ्या घातल्या. मागच्या सीटवर त्यांची लहान मुलगी होती. वय ३७. स्वतंत्र केनियातला पहिला राजकीय खून तो.

आमच्या गोव्यातसुद्धा हे नाव कमी जणांना ठाऊक आहे, याचं मला वाईट वाटतं. जन्म नैरोबीचा, १९२७चा. आठव्या वर्षी शिकायला इकडे पाठवलं. हडफड्याची शाळा, मग धारवाडचं कॉलेज, मग मुंबईत तारखात्यात नोकरी. सतरा-अठरा वर्षांचा असताना पोर्तुगिजांविरुद्धच्या कामात पडला, गोवा नॅशनल काँग्रेसच्या उभारणीत होता. पकडून केप व्हर्दच्या ताराफाल तुरुंगात धाडतील अशी वेळ आली, तेव्हा १९४९मध्ये केनियाला परतला. तिथे लगेच मजुरांच्या संघटनांत, मग ब्रिटिशांविरुद्ध उठलेल्या माउ माउच्या लढवय्यांना मदत. १९५४मध्ये ब्रिटिशांनी पकडून मांडा बेटावर डांबला. सुटल्यावर खासदार झाला आणि जमिनीचं समान वाटप व्हावं म्हणून आपल्याच सरकारशी भांडला.

त्याच्याआधीचे माखन सिंग. गुजरांवालाकडचा पंजाबी मुलगा, १९३५मध्ये नैरोबीत मजूर संघ उभा केला, १९५०मध्ये कालोलेनी हॉलमध्ये "उहुरु सासा", म्हणजे आत्ता स्वातंत्र्य, अशी जाहीर मागणी केली आणि त्यापायी अकरा वर्षं स्थानबद्धतेत काढली.

विचारायचं एवढंच की आज तिथले आपले लोक कुठे उभे आहेत?

---

शामली_पार्कलँड्स

गोंयकारदादा, उत्तर देणं अवघड आहे, पण खरं ते सांगते. बहुतेक घरात बसले होते, मीही. दुकानांची शटरं खाली. आमच्या मागच्या पिढीच्या मनातून १ ऑगस्ट १९८२ जात नाही. हवाई दलातल्या काहींनी उठाव केला त्या दिवशी भारतीयांची दुकानं आणि घरं लुटली गेली, बायकांवर अत्याचार झाले. माझ्या शेजारच्या गुजराती आजी आजही गडबड म्हटलं की आधी पासपोर्ट काढून पर्समध्ये ठेवतात. त्यांना भित्रं म्हणायची माझी हिंमत नाही.

पण या वेळी इथे जन्मलेली आमची पोरं गेली होती. त्याच आजींचा नातू झेंडा गुंडाळून गेला होता. संध्याकाळी आजी दारात उभ्या, आणि तो आल्यावर त्याला काही न बोलता त्यांनी थेपले वाढले.

पिंतोंच्या घराचा रस्ता मी शोधते आता. इतकी वर्षं तिथून भाजी आणायला जाते-येते, मला माहीत नव्हतं.

---

औषधवाला_पनवेल

धागा वाचून वीस-पंचवीस वर्षांमागचं आठवलं, म्हणून मोठं लिहितोय, चालवून घ्या.

मी तेव्हा पाताळगंगा पट्ट्यात एका औषध कारखान्यात गुणवत्ता तपासणीला होतो. एचआयव्हीवरच्या औषधांचा एका रुग्णाचा वर्षाचा खर्च तेव्हा दहा हजार डॉलरच्या पुढे होता. फेब्रुवारी २००१मध्ये मुंबईच्या सिप्लानं जाहीर केलं की तीन औषधांचा हाच उपचार आम्ही वर्षाला ३५० डॉलरमध्ये देऊ, दिवसाला एक डॉलरहून कमी. आमच्या व्यवसायात तो दिवस कुणी विसरलेलं नाही. पण मला पुढे कळलं की औषध स्वस्त होणं ही अर्धीच लढाई होती. बाकीची अर्धी दक्षिण आफ्रिकेतल्या पोरांनी लढली.

ट्रीटमेंट ॲक्शन कॅम्पेन. १० डिसेंबर १९९८ला, म्हणजे मानवी हक्क दिनालाच, केपटाऊनला चर्चच्या पायऱ्यांवर मूठभर माणसांनी सुरू केली. झॅकी अचमत पुढे होते, स्वतः एचआयव्हीग्रस्त. सरकारी दवाखान्यात गरिबांना औषध मिळेपर्यंत मीही घेणार नाही, असं ते म्हणाले आणि तब्येत ढासळत गेली तरी २००३पर्यंत त्यांनी ते पाळलं. त्या वेळचे राष्ट्राध्यक्ष म्बेकी यांना एचआयव्हीमुळे एड्स होतो हेच पटत नव्हतं. दुसरीकडे ३९ औषध कंपन्यांनी स्वस्त औषधांचा मार्ग मोकळा करणाऱ्या कायद्याविरुद्ध दावा लावलेला. एप्रिल २००१मध्ये त्यांना तो मागे घ्यावा लागला.

आता तुमच्या भाजीवालीच्या वहीशी याचा धागा जुळतो. या चळवळीनं केपटाऊनजवळच्या खायेलित्शासारख्या पत्र्याच्या वस्त्यांत वर्ग घेतले. शाळा अर्धवट सुटलेल्या मुली तिथे रक्तातल्या सीडी-फोर पेशी म्हणजे काय, विषाणूभार कसा मोजतात, नेविरापिन हे औषध बाळाला कसं वाचवतं हे शिकल्या आणि मग शेजारणींना शिकवायला लागल्या. मी २००६ला कामानिमित्त केपटाऊनला गेलो होतो, तेव्हा अशा एका वर्गात बसलो. पंचवीसेक वर्षांची एक बाई, अंगात छातीवर मोठ्या अक्षरांत एचआयव्ही पॉझिटिव्ह लिहिलेला टी-शर्ट, गोळ्यांची डबी उघडून एकेक गोळी तळहातावर ठेवून सांगत होती की ही विषाणूला कुठे अडवते. तिचा एक शब्द चुकला नाही. मी रसायनशास्त्राचा पदवीधर, मला त्या दिवशी माझ्याच मालाची माहिती नव्यानं झाली.

जुलै २००२मध्ये तिथल्या घटनात्मक न्यायालयानं निकाल दिला की गर्भवतींना नेविरापिन सरकारी दवाखान्यांत द्यावंच लागेल. आरोग्याचा हक्क घटनेत लिहिलेला आहे, तो आम्हाला द्या, एवढंच या लोकांनी कोर्टात मागितलं होतं.

---

मृण्मयी_ठाणे

तळहातावर गोळी ठेवून. किती वाचण्यासारखं लिहिताय सगळे. नवऱ्याला मोठ्यानं वाचून दाखवतेय.

---

रानवाट

मी बुर्किना फासोत पाण्याच्या पंपांच्या प्रकल्पावर साडेतीन वर्षं होतो, वागाडुगूत. ऑक्टोबर २०१४मध्ये तिथेच होतो.

अभयरावांनी संसदेच्या आगीचं विचारलं. ३० ऑक्टोबरला तिथेही संसद जळाली. योगायोग बघा, तिथेही भांडण ३७व्या कलमाचं होतं. ते कलम राष्ट्राध्यक्षाच्या मुदतींना मर्यादा घालतं. ब्लेझ काँपाओरे २७ वर्षं खुर्चीत होते आणि ते कलम बदलायला निघाले होते. दुसऱ्या दिवशी ते पळाले.

"बाले सितोयां", नागरिकांचा झाडू, ही संघटना एका रॅपरनं आणि एका रेगे गायकानं २०१३मध्ये उभी केली. पोरं खरोखर झाडू घेऊन यायची आणि आंदोलन झालं की रस्ते झाडून घरी जायची. १९८७मध्ये मारले गेलेले राष्ट्राध्यक्ष थॉमा सांकारा यांच्या काळातली सामुदायिक साफसफाई त्यांना परत आणायची होती. उठावाच्या तीन-चार दिवस आधी बायकांचा मोर्चा निघाला, हातात लाकडी उलथणी. तिकडे बाईनं भर रस्त्यात उलथणं उगारणं म्हणजे पुरुषाला घातलेला शाप समजतात. आमच्या साइटवरचे मुकादम तो मोर्चा जाईपर्यंत नजर खाली घालून उभे होते.

पुढचं सांगितलं नाही तर अर्धं सांगितल्यासारखं होईल. २०१५मध्ये राष्ट्राध्यक्षांच्या जुन्या रक्षक दलानं बंड केलं, ते लोकांनी आठवड्याभरात मोडलं. निवडणूक झाली. पण उत्तरेकडून जिहादी हल्ले वाढत गेले आणि २०२२मध्ये एकाच वर्षात दोन लष्करी सत्तांतरं झाली. आता बोलणाऱ्या कार्यकर्त्यांना बळजबरीनं सीमेवर लढायला पाठवतात. संघटनेच्या संस्थापकांपैकी एक, वकील गी एर्वे काम, यांना जानेवारी २०२४मध्ये विमानतळावरून उचललं. माझ्याबरोबर काम केलेली दोन मुलं त्या झाडूवाल्यांत होती. त्यांचे फोन आता लागत नाहीत. बाजारातून माझ्यासाठी आंबे आणायची ती.

---

अभय_सातारा

रानवाट, वाचून सुन्न झालो. माझ्या प्रश्नाला तुम्ही माझ्या बाजूनं उत्तर दिलंत, आणि ते बरोबर ठरल्याचा मला आनंद होत नाहीये. तरी विचारतो, कुठे संघटना टिकली का?

---

लतिफ_खार्तूमवाला

मी सांगतो. मूळ मिरजेचा, खार्तूममध्ये साखर यंत्रांच्या कामावर नऊ वर्षं होतो. एप्रिल २०२३मध्ये ऑपरेशन कावेरीत, म्हणजे भारत सरकारच्या सुटका मोहिमेत, बाहेर पडलो.

सुदानमध्ये मोहल्ल्या-मोहल्ल्यात पोरांच्या समित्या होत्या, लिजान अल-मुकावमा, म्हणजे प्रतिकार समित्या. अल-बशीर यांची तीस वर्षांची राजवट ११ एप्रिल २०१९ला गेली ती यांच्या जोरावर. लष्कराच्या मुख्यालयासमोर हजारो लोक ठाण मांडून बसलेले मी पाहिले, रमजानचा इफ्तार तिथेच रस्त्यावर, मलाही हाताला धरून बसवलं होतं. ३ जूनला तिथे गोळ्या चालल्या, शंभराहून जास्त गेले. २०२१ला पुन्हा लष्कर आलं. पोरं आठवड्यामागून आठवडे मोर्चे काढत राहिली. आणि मग १५ एप्रिल २०२३ला दोन सेनापतींमध्ये युद्ध पेटलं.

अभयसाहेब, तुम्ही विचारलंत कुठे टिकली का. युद्ध सुरू झाल्यावर याच समित्यांच्या जाळ्यातून मदतकक्ष उभे राहिले. सरकार नाही, बँका बंद, मोठ्या संस्था निघून गेलेल्या. पोरांनी गल्लीगल्लीत सामुदायिक चुली पेटवल्या, तकाया म्हणतात त्याला. मसूर आणि फूल, म्हणजे तिकडची बाकल्याची उसळ. आमच्या गल्लीत नऊ दिवस वीज नव्हती, पाणी नव्हतं. एकवीस-बावीस वर्षांचा एक मुलगा गाढवाच्या गाडीवर पाण्याचं पिंप घेऊन यायचा आणि प्रत्येक दारात दोन बादल्या द्यायचा. त्याच्याकडे वही होती, कुठल्या घरात किती माणसं, कुठे म्हातारं, कुठे मधुमेह. आमच्या दारावर त्यानं खडूनं लिहिलं होतं "हिंदी, ५". पोर्ट सुदानला जाणाऱ्या बसचं डिझेल कुठे मिळेल हे आम्हाला त्यानंच शोधून दिलं. निघताना मी पैसे देऊ केले. म्हणाला, बादल्या तेवढ्या ठेवून जा.

२०२५चा राइट लाइव्हलीहूड पुरस्कार या कक्षांना मिळाला. मी बातमी वाचली आणि मिरजेच्या घरात एकटाच रडलो. तो मुलगा आहे की नाही, मला माहीत नाही.

---

वकील_विदर्भ

लतिफभाई, सलाम.

---

अभय_सातारा

लतिफभाई, सहकार म्हणून मी ज्या गोष्टीत आयुष्य घातलं ती गोष्ट त्या मुलानं गाढवाच्या गाडीवर केली. माझा मुद्दा मी सोडत नाही, शामली. सत्तेशी बोलायला तोंड लागतं. पण कुठल्या घरात किती माणसं हे ज्याच्या वहीत आहे, त्याला संघटना नाही असं मी म्हणणार नाही. तुझ्या त्या मुलीचं पुढे काय झालं? तिची आई, ती भाजीवाली?

---

शामली_पार्कलँड्स

काका, २०२५ वाईट गेलं. जूनमध्ये एका तरुण शिक्षकाला, जो ऑनलाइन लिहायचा, पोलिसांनी पकडून नैरोबीला आणलं आणि तो कोठडीत मेला. अल्बर्ट ओज्वांग. भिंतीवर डोकं आपटून घेतलं असं पोलिसांनी आधी सांगितलं, शवविच्छेदनानं ते खोटं पाडलं. २५ जूनला वर्षश्राद्धाचा मोर्चा, पुन्हा मृत्यू. मग ७ जुलै, सबा सबा. सात-सात. १९९०मध्ये याच तारखेला बहुपक्षीय लोकशाहीसाठी लोक कामुकुंजी मैदानावर निघाले होते. २०२५च्या त्या एका दिवसात तीसहून जास्त माणसं गेली.

आमची मुलगी त्या दिवशी गेली नाही. आई गावाहून येऊन तिच्या खोलीत बसली होती, दाराला पाठ लावून. ती सांगत होती की आईनं तिला रात्री १९९२ची गोष्ट सांगितली. राजकीय कैद्यांच्या आया उहुरु पार्कात उपोषणाला बसल्या होत्या, पर्यावरण चळवळीतल्या वांगारी माथाई त्यांच्याबरोबर होत्या. पोलीस लाठ्या घेऊन आले तेव्हा काही म्हाताऱ्यांनी अंगावरचे कपडे फेडले, कारण आईच्या वयाची बाई असं करते तेव्हा समोरच्या मुलाला शाप लागतो. रानवाट यांनी उलथण्याचं लिहिलं तेव्हा मला हेच आठवलं. मुलीच्या आईची आई त्या बायकांना उकडलेली रताळी घेऊन जायची. हे तिनं इतकी वर्षं लेकीला सांगितलंच नव्हतं, लेक घाबरेल म्हणून.

सप्टेंबरअखेर मतदार नोंदणी पुन्हा सुरू झाली. पुढची निवडणूक ऑगस्ट २०२७ला आहे. मुलगी शनिवारी वस्तीतल्या पोरांना घेऊन नोंदणी कार्यालयात जाते, ओळखपत्र नसेल तर आधी ते काढायला लावते. काका, तुमच्या संघटनेच्या मुद्द्यावर तिचं आणि माझं मोठं भांडण झालं. "आधी याद्या," असं म्हणाली. मामा म्बोगाच्या मुलाचं नाव तिनं मागच्या शनिवारी घातलं. बाई त्या दिवशी भाजीची गाडी शेजारणीवर सोपवून स्वतः रांगेत त्याच्याबरोबर उभी होती, उधारीची वही काखेत घेऊन, कारण त्यात मुलाच्या जन्माची तारीख लिहिलेली आहे.